अदिती मॅडमचं दुसरं खातं

१

रविवारी दुपारी 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून घरातून निघालेली रोशनी बागुल संध्याकाळी साडेसातला सिल्वासाजवळच्या दादऱ्याच्या तळ्याकाठच्या बागेत सापडली. बाग बंद करायला आलेला रखवालदार तिला उठवत होता आणि ती उठत नव्हती. तिचे वडील नवनाथ दोन तास मोटरसायकलवरून शोधत फिरले होते. त्यांनी दंडाला धरून उभं केलं, तेव्हा तिच्या मांडीवरचं भेटकार्ड खाली पडलं. घरीच रंगवलेलं. वर लिहिलं होतं, 'माझ्या अदिती मॅडमना'.

"मी मॅडमची वाट बघत होते," एवढंच ती म्हणाली.

रोशनी चौदा वर्षांची, नववीत. नवनाथने मोबाईल काढून घेतला आणि आत पाहिलं. जुलैपासूनचे निरोप होते. एका बाजूला रोशनी, दुसऱ्या बाजूला 'अदिती शेवडे' नावाचं खातं, वर मराठीच्या अदिती मॅडमचा हसरा फोटो. शेवटच्या दोन ओळी त्याच दिवसाच्या होत्या. दुपारी बाराला रोशनीने लिहिलं होतं, 'मी तीनपासून तळ्याच्या बागेत बसेन. तुम्ही नाही आलात तरी बसेन.' संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी उत्तर आलं होतं, 'घरी जा. आत्ताच्या आत्ता घरी जा माय.'

सोमवारी सकाळी नवनाथ शाळेत आला आणि मुख्याध्यापक भास्कर सरांच्या टेबलावर त्याने मोबाईल ठेवला.

"ही तुमची बाई माझ्या पोरीला चार महिन्यांपासून नादी लावून राहिली," तो म्हणाला. "पोरीचं नाव ठाण्यात नको म्हणून इथं आलो. शनिवारपर्यंत काय ते करा. नाहीतर मग जातोच."

शाळेने जूनमध्येच नियम केला होता आणि पालकसभेतही वाचून दाखवला होता. शिक्षकाने विद्यार्थ्याशी सोशल मीडियावर वैयक्तिक संपर्क ठेवायचा नाही. ठेवल्यास नोकरी संपली. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. अदिती शेवडेची सही तिसऱ्या क्रमांकावर होती. तिला दुपारी घरी पाठवण्यात आलं.

चौकशीचं काम शाळा समितीतल्या चंद्रकांत उपासनींकडे आलं, कारण त्यांना वेळ होता. मूळचे नाशिकचे. एकतीस वर्षं कारखान्यांत क्वालिटीचं काम केलं, त्यातली शेवटची अठरा सायलीच्या औद्योगिक वसाहतीत. निवृत्तीला तीन वर्षं झाली, बायको जाऊन दोन. मुलगा शंतनु बेंगळुरूला. नाशिकला परत जावं असं तिथे आता कुणी राहिलं नव्हतं, म्हणून ते सिल्वासात राहिले होते.

"चौकशी नावालाच आहे हो," भास्कर सर म्हणाले. "नाव तिचं, फोटो तिचा. आणि एक सांगतो. चार महिन्यांत एकाही गुरुवारी निरोप नाही. अदिती गुरुवारी उपास करते, दत्ताला जाते आणि दिवसभर फोन बंद ठेवते. हे सगळ्या शाळेला माहीत आहे."

चंद्रकांतनी निरोपांच्या छापील प्रती घेतल्या. गुरुवारची गोष्ट त्यांनी तपासून पाहिली. भास्कर सर बरोबर होते.

२

अदिती सिल्वासातल्याच टोकरखाड्यात तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायची. वय एकोणतीस, गाव अलिबाग. चंद्रकांत मंगळवारी गेले तेव्हा तिने कोरा चहा दिला.

"दूध आणायला खाली उतरलेच नाही," ती म्हणाली. "सोमवारी चार वाजता मला शिक्षकांच्या ग्रुपवरून काढलं. त्यानंतर तुम्ही पहिले आहात माझ्याशी बोलणारे."

"हे खातं तुमचं आहे?"

"नाही. पण तुम्ही तरी का विश्वास ठेवावा?"

"रोशनी तुमच्या वर्गात रोज समोर बसते. चार महिने तिला वाटत होतं की तुम्ही तिला निरोप पाठवता. मग वर्गात एकदाही विषय निघाला नाही?"

अदितीने कप बाजूला ठेवला. "सप्टेंबरात तिने माझ्या टेबलावर चाफ्याचं फूल ठेवलं होतं. मी म्हटलं, इथे असलं काही ठेवायचं नाही. मला राग आला नव्हता. पण नियम आल्यापासून मी वर्गाबाहेर मुलांशी बोलणंच सोडलंय. कोण कशाचा काय अर्थ काढेल, सांगता येत नाही."

चंद्रकांतनी प्रतींमधला तो दिवस काढून दिला. रोशनीने लिहिलं होतं, 'फूल का नाही घेतलं?' उत्तर होतं, 'वर्गात मला तसंच वागावं लागतं. नियम आहे. मनाला लावून घेऊ नको. फूल सुंदरच असणार, कारण तू ते झाडावरून ओढलं नसशील, खाली पडलेलं उचललं असशील.'

अदितीने पुढची पानं मागून घेतली. बराच वेळ ती वाचत होती. खालच्या रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला.

"लिहिणारी हुशार आहे," ती शेवटी म्हणाली. "निबंध कसा सुधारायचा ते किती नीट सांगितलंय. चूक थेट दाखवत नाही, तिच्याकडूनच काढून घेते. ही शिकवायला शिकलेली बाई आहे."

"बाईच कशावरून?"

"पाळीत पोट दुखतं म्हणून रोशनीने लिहिलंय. त्यावरचं उत्तर वाचा. पुरुष इतकं सहज लिहिणार नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मी इतकं चांगलं लिहिलं नसतं, सर. मला तर चार महिन्यांत एकाही मुलीने काही विचारलेलं नाही."

चंद्रकांत उठले. दारापर्यंत गेले तेव्हा तिने त्यांना थांबवलं आणि शेवटचं पान पुढे केलं.

"हे बघा. 'घरी जा माय.' मी अलिबागची. मी चौदा वर्षांच्या मुलीला 'माय' म्हणेन?"

चंद्रकांत त्या ओळीकडे बघत राहिले. लहान मुलीला लाडाने, काकुळतीने 'माय' म्हणणारी माणसं त्यांना चांगली माहीत होती. ती खानदेशातली. आणि शाळेत खानदेशातली दोनच माणसं होती.

३

पहिल्या सरुबाई, शाळेच्या शिपाईण, नंदुरबारकडच्या. त्यांना सहीच्या जागी अंगठा उठवावा लागायचा.

दुसरा ललित बोरसे, कॉम्प्युटरचा शिक्षक, शिरपूरचा. बुधवारी चंद्रकांत लॅबमध्ये गेले तेव्हा तो एकटाच होता. त्यांना बघताच त्याने टेबलावरचा मोबाईल उलटा करून ठेवला.

"खोटं खातं काढायला किती वेळ लागतो, ललित सर?"

"पाच मिनिटं."

"तुम्ही काढलंत?"

"नाही." त्याचा चेहरा उतरला होता. "पण नियम मी पण मोडलाय. तुम्ही शोधून काढण्याआधी मीच सांगतो." त्याने मोबाईल उघडून समोर धरला. अकरा मुलांचा एक ग्रुप होता. प्रॅक्टिकलचे प्रश्न, उत्तरं, कुणाचा कॉम्प्युटर चालू होत नाही, कुणाला फॉर्म भरता येत नाही. "यांच्या घरी विचारायला कुणी नाही, सर. आईबाप बारा-बारा तास कंपनीत. शाळा सुटली की हे कुणाला विचारणार? भास्कर सरांना कळलं तर मीही घरी जाईन."

चंद्रकांतनी ग्रुप पूर्ण वाचला. त्यात दुसरं काहीच नव्हतं. रोशनी त्यात नव्हती.

"हे माझ्या चौकशीत येत नाही," ते म्हणाले. "एक सांगा. खात्यावरचा हा फोटो कुठला?"

ललितने फोटो मोठा करून पाहिला. "हा मीच काढलाय. जूनमधली नववीची पालकसभा. मूळ फोटोत सहाजण आहेत, कुणीतरी मॅडमपुरता कापून घेतलाय."

"तो कुणाकुणाकडे गेला?"

"शिक्षकांकडे नाहीच गेला. मी तो फक्त एका ठिकाणी टाकला होता." ललितने वर पाहिलं. "नववीच्या पालकांच्या ग्रुपवर."

४

गुरुवारी संध्याकाळी चंद्रकांत जवळच्या अथाल गावी गेले. बागुलांची खोली चाळीत होती, बारा खोल्यांच्या रांगेतली सातवी. नवनाथ नुकताच कामावरून आला होता. रोशनी पलंगाच्या कोपऱ्यात पाय जवळ घेऊन बसली होती. तिची आई सरिता ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून चहा करत होती.

"आज ही घरी आहे म्हणून चहा तरी वेळेवर," नवनाथ म्हणाला. "एरवी आमचं तिघांचं तोंड तीन दिशांना. माझी जनरल शिफ्ट. हिचं पॅकिंगचं काम, कधी सकाळी कधी दुपारी. पोरगी शाळेत. साहेब, मी शिकलेलो नाही जास्त. पण आपल्या पोरीनं दुसऱ्या बाईसाठी चार घंटे बसून राहावं, हे माझ्या डोक्यात बसून नाही राहिलं."

चंद्रकांतनी रोशनीशी एकटीशी बोलायची परवानगी मागितली. नवनाथ बाहेर पायरीवर जाऊन बसला. सरिता आतच राहिली; जायला दुसरी खोली नव्हती.

"लिहिणं कुणी सुरू केलं, तू की मॅडमनी?"

"मॅडमची रिक्वेस्ट आली. मला खरंच वाटलं नाही. मी तर नवीनच आहे शाळेत, आठवीपर्यंत इथे अथालच्या शाळेत होते."

"वर्गात कधी विचारलं नाहीस?"

"मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वर्गात ओळख दाखवायची नाही, नियम आहे, माझी नोकरी जाईल. मग मी नाही विचारलं." तिने नखाने चादरीचा धागा ओढला. "नियम होता म्हणूनच मला खरं वाटलं."

"काय बोलायचात तुम्ही?"

"सगळं. इथे मी कुणाशी बोलणार? पप्पा चिडतात. आई येते, झोपते, उठते, जाते."

ओट्यापाशी पाण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"ऑगस्टमध्ये मॅडमनी लिहिलंय, 'पावसात भिजू नको, मागच्या वर्षीसारखा टायफॉइड व्हायला नको.' टायफॉइडचं तू त्यांना कधी सांगितलंस?"

"सांगितलं असेल."

"मी सगळं वाचलं. तू सांगितलेलं नाहीस."

रोशनीने भुवया आक्रसून त्यांच्याकडे पाहिलं. तिला आठवत नव्हतं. सरिताने चहाचा कप आणून ठेवला आणि परत गेली. कपाखालची बशी चहाने भरली होती.

५

चंद्रकांतना ऐकलेल्या गोष्टींपेक्षा कागदावर मांडलेल्या गोष्टींवर जास्त भरवसा होता. शुक्रवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला. कारखान्यात माल बिघडला की ते हेच करत. माणसांना दोष देण्याआधी वेळ मांडून बघत. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर तास. 'अदिती'कडून आलेल्या प्रत्येक निरोपाला एक टिंब.

टिंबं विखुरलेली नव्हती. एक आठवडा सगळी सकाळी साडेनऊच्या आसपास. पुढचा आठवडा सगळी संध्याकाळी सात ते साडेसात. मग पुन्हा सकाळ. पुन्हा संध्याकाळ. चार महिने हेच.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

शिक्षकाचा दिवस असा बदलत नाही. अदितीची आणि ललितची शाळा बाराही महिने दुपारी बारा ते साडेपाच. सकाळी साडेनऊला ते मोकळे, संध्याकाळी सातलाही मोकळे. मग एक आठवडा सकाळीच लिहायचं आणि एक आठवडा संध्याकाळीच, असं ते कशाला करतील?

आणखी एक गोष्ट होती. शाळेचा आठवडा सोमवारी सुरू होतो. हे टिंबांचे आठवडे दर वेळी शुक्रवारी बदलत होते, मोकळ्या गुरुवारनंतर. गुरुवार हा उपासाचा नव्हताच. तो साप्ताहिक सुट्टीचा होता. सायलीच्या काही कंपन्या गुरुवारी बंद असतात आणि सुट्टीनंतर पाळी बदलते. पहिली पाळी सात ते तीन, चहाची सुट्टी साडेनऊला. दुसरी तीन ते अकरा, जेवणाची सुट्टी सातला. फोन आत नेता येत नाही, तो लॉकरमध्ये असतो आणि सुट्टीतच हातात येतो. चंद्रकांतनी अठरा वर्षं तेच भोंगे ऐकले होते.

लिहिणारी व्यक्ती कारखान्यातली होती. पालकांच्या ग्रुपवरची होती, खानदेशातली होती. तिला टायफॉइड माहीत होता. आणि सुट्टीच्या दिवशी तिला लिहिता येत नव्हतं, कारण त्या दिवशी ती घरी असायची. रोशनीच्या समोर.

फोनवर शंतनुचा रोजचा सुप्रभाताचा फुलांचा फोटो आला होता. त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, नेहमीप्रमाणे.

मागचा रविवार संध्याकाळच्या आठवड्यातला होता. म्हणजे आजपासून पहिली पाळी. ती तीनला सुटते.

६

तीनच्या भोंग्यानंतर सायलीतल्या कंपनीच्या गेटमधून बायका बाहेर पडल्या, निळे अ‍ॅप्रन घड्या करून पिशवीत घालत. सरिताने चंद्रकांतना लांबूनच पाहिलं. ती सोबतच्या बायकांना पुढे जायला सांगून थांबली.

ते चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसले. ट्रक जात होते, त्यामुळे मधेमधे थांबावं लागत होतं.

"काल टायफॉइडचं निघालं, तेव्हाच मला कळलं की तुम्ही येणार," ती म्हणाली.

"तुम्ही शिकवायला शिकलात?"

"डी.एड. केलं शिरपूरला. पंच्याहत्तर टक्के. भरती निघाली नाही. दोन वर्षं वाट पाहिली, मग लग्न झालं, मग इथं. चौदा वर्षांपासून बाटल्यांना झाकणं लावते मी." ती आपल्या बोटांकडे बघत होती. "पोरगी सहावीपर्यंत माझ्यापाशी अभ्यास करायची. मग तिची लाज सुरू झाली. आई कंपनीत जाते, आईच्या अंगाला वास येतो. बोलणं बंद झालं. काय खाल्लं विचारलं तरी 'हं'. जूनमध्ये पालकसभेला गेले, तर ही मॅडमकडे असं बघत होती..."

ट्रक गेला.

"मला फक्त तिच्या मनात काय आहे ते कळायला हवं होतं. दोन दिवस लिहून बंद करणार होते. पण ती बोलायला लागली, साहेब. इतकं बोलायची. तिला कविता आवडते, हे मला माहीत नव्हतं. तिला अंधाराची भीती वाटते, ते माहीत नव्हतं. मी लॉकररूममध्ये उभी राहून भाकरी खायची आणि वाचायची. सुट्टी अर्ध्या तासाची. घरी गेले की ती तोंड फिरवून झोपलेली."

"रविवारी?"

"दुपारी तिनं लिहिलं, तवा मी घरीच होते. पण ती समोर असताना मी ते उघडतच नव्हते. अडीचला मी पाळीला निघाले. सातला फोन हातात घेतला, तेव्हा कळलं. सुपरवायझरला सुट्टी मागितली, तो म्हणाला, लाईन कोण बघणार. मी नवनाथना फोन करून सांगितलं की बागेत जाऊन बघा. कसं कळलं म्हणून त्यांनी विचारलं, तर मैत्रिणीनं सांगितलं म्हटलं."

"सरिताताई, एक बाई सोमवारपासून खोलीत बसून आहे. उद्या तिची नोकरी जाईल. आणि अशा कारणाने गेलेली नोकरी तिला दुसऱ्या कुठल्या शाळेत मिळायची नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रोज ठरवते सांगायचं. पण रोशनीला कळलं तर ती मला जन्मभर माफ नाही करणार. आता निदान 'हं' तरी म्हणते."

तिने केलं ते खोटं होतं आणि त्यात एका निरपराध बाईचा बळी जात होता. आणि तरी, चार महिन्यांच्या त्या पानांत त्यांना एकही ओळ सापडली नव्हती जी त्या मुलीच्या भल्याची नव्हती.

"मी उद्या समितीला सांगणार की अदितीने हे केलेलं नाही, आणि ते मला कसं कळलं," ते म्हणाले. "टिंबांचा कागद दाखवणार. गुरुवार दाखवणार. ते बघितल्यावर नवनाथना कळायला वेळ लागणार नाही. माझ्या आधी तुम्ही बोललात तर बरं होईल. तेवढंच माझ्या हातात आहे."

सरिता उठली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि ती रिक्षाच्या थांब्याकडे गेली. येणार की नाही, ते तिने सांगितलं नाही.

७

शनिवारी अकरा वाजता समिती बसली. भास्कर सर, दोन विश्वस्त, नवनाथ आणि रोशनी, भिंतीपाशी अदिती. चंद्रकांतनी कागद उघडला. सव्वाअकरा झाले तरी दार बंदच होतं. त्यांनी सकाळ-संध्याकाळचे आठवडे समजावून सांगितले. शुक्रवारी होणारा बदल सांगितला. ते गुरुवारपर्यंत आले आणि नवनाथने मान वर केली. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

तेवढ्यात सरिता आत आली. निळा अ‍ॅप्रन अंगावरच होता. ती पाळी अर्धवट सोडून आली होती.

"खातं माझं आहे," ती म्हणाली. उभ्यानेच, अदितीकडे बघून. "मॅडम, तुमचं नाव मी वापरलं. तुमची काहीच चूक नाही. मला जी शिक्षा द्यायची ती द्या."

नवनाथ खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. रोशनी आईकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली. काही वेळाने तिचे खांदे हलायला लागले. सरिता तिच्याकडे एक पाऊल गेली, तशी ती उठून वडिलांच्या पलीकडे जाऊन बसली.

शाळेने अदितीची लेखी माफी मागितली. तिने सरिताविरुद्ध तक्रार केली नाही. सोमवारी ती कामावर आली, शिक्षकांच्या ग्रुपवर तिला परत घेतलं, आणि त्या दिवशी तिघी शिक्षिकांनी तिला डबा खायला बोलावलं. पण वर्ष संपल्यावर ती अलिबागला परत जाणार होती. तसं तिने चंद्रकांतना सांगितलं.

"माझ्या नावाने कुणीतरी इतकं छान शिकवलं," ती म्हणाली. "आता वर्गात उभी राहिले की रोशनी माझ्याकडे बघते. मला कळतं, ती मला शोधत नसते."

शाळेने नियम आणखी कडक केला. खातं, ग्रुप, फोन, सगळंच बंद. समितीत चंद्रकांत म्हणाले, संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक तास लॅब उघडी ठेवा, दोन शिक्षक बसतील, मुलांना समोरासमोर विचारता येईल. बऱ्याच चर्चेनंतर आठवड्यातून दोन दिवस मंजूर झाले. ललितने पहिलं नाव आपलं दिलं.

महिन्याभराने, डिसेंबरात, चंद्रकांत बाजारात मेथी निवडत होते तेव्हा सरिता भेटली. ती वाळली होती.

"कसं चाललंय?"

"नवनाथ पंधरा दिवस बोलले नाहीत. मग बोलायला लागले. आता म्हणतात, मला तरी कुठं माहीत होतं तुझं डी.एड. कितव्या नंबरानं झालं ते."

"आणि रोशनी?"

सरिताने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तीस दिवस एक शब्द नाही. 'हं' पण नाही. परवा मी पाळीवरून आले, तर ओट्यावर वही उघडी ठेवलेली होती. निबंध. पहिल्याच वाक्यात चूक. मी म्हटलं, विसरली असेल. उचलून ठेवायला गेले, तर पलंगावरून बोलली."

"काय बोलली?"

"भिंतीकडे तोंड करून बोलली. म्हणाली, 'तपासून ठेवा.'"

चंद्रकांतना वाटलं, तिला आनंद झाला असेल. पण तिचे डोळे भरून आले होते.

"ठेवा म्हणाली, साहेब. मॅडमशी बोलावं तसं. जन्मल्यापासून मला 'ठेव' म्हणणारी पोरगी."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तपासली. चुकीखाली रेघ मारली, उत्तर नाही लिहिलं. तिचं तिला सापडलं पाहिजे." तिने पदराने तोंड पुसलं. "सकाळी वही परत तिथंच होती. दुसरा निबंध लिहिलेला."

ती अथालच्या रिक्षात बसून गेली. चंद्रकांत मेथीची जुडी घेऊन घरी आले. संध्याकाळचे सहा वाजले होते. त्यांनी शंतनुला फोन लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. ते खुर्ची ओढून बसले आणि पुन्हा लावला.